किडनीच्या पथ्यात तोंडीलावणं: लोणचं, चटणी, सॉस यांतलं काय ठेवायचं, काय बदलायचं

प्रश्न नेरुळहून आला आहे. सासरे 71 वर्षांचे, किडनीचा आजार चौथ्या टप्प्यात, क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, किडनीने गाळून टाकायचा पदार्थ) 3.1, पोटॅशियम 5.3, डायलिसिस अजून नाही, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू. डॉक्टरांनी मीठ आणि पोटॅशियम कमी करायला सांगितलं म्हणून घरच्यांनी लोणचं, पापड, ठेचा, चटण्या सगळंच बंद केलं. साध्या मिठाऐवजी लो-सोडियम मीठ आणलं, सैंधवही आणून ठेवलं. आता आजोबा दोन घास खाऊन पानावरून उठतात आणि महिन्याभरात वजन उतरलंय. सूनबाई विचारतात: तोंडीलावणं म्हणून नेमकं काय देऊ, आणि बाजारातल्या सॉसपैकी काही चालतं का?

मी ठाण्यात किडनीच्या रुग्णांचा आहार बघते. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

बाकी सगळं वाचायच्या आधी एक काम करा. ते लो-सोडियम मीठ आजच बाजूला ठेवा. त्यात सोडियम कमी करण्यासाठी सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकिटावरचे घटक वाचा, तिथे ते लिहिलेलं सापडेल. पोटॅशियम क्लोराइडच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पोटॅशियमचा असतो. समजा मिठात ते 30 टक्के असेल, तर दिवसाच्या 5 ग्रॅम मिठातून जवळजवळ 790 मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं, दोन केळ्यांइतकं. निरोगी किडनी ते लघवीवाटे काढून टाकते. चौथ्या टप्प्यातल्या किडनीला ते जड जातं आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी पोटॅशियम आणखी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण त्यातून किडनीच्या रुग्णांना स्पष्ट वगळलं आहे. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. ती किडनी जपण्यासाठीच दिलेली असते. लो-सोडियम मीठ किती दिवस वापरलं तेवढं डॉक्टरांना सांगा आणि पोटॅशियमची तपासणी लवकर पुन्हा करून घ्या. मधल्या काळात हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं किंवा छातीत धडधड झाली, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सैंधव, पादेलोण, समुद्री मीठ, गुलाबी मीठ ही सगळी मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. किडनीच्या दृष्टीने सैंधवाचा एक चमचा आणि साध्या मिठाचा एक चमचा यांत मोजण्यासारखा फरक नाही, आणि सैंधवात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. घरात साधं आयोडीनयुक्त मीठच ठेवा, मोजून वापरा.

आता वजनाविषयी, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. किडनीच्या आजारात भूक आधीच मंदावते, तोंडाची चव बिघडते. त्यात अळणी पान समोर आलं की म्हातारं माणूस जेवण सोडतं. पोटात अन्न कमी गेलं की शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागतं. स्नायू झिजले की क्रिएटिनिनचा आकडाही थोडा खाली येऊ शकतो आणि घरच्यांना वाटतं पथ्य लागू पडलं. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांचे रिपोर्ट कागदावर बरे दिसत होते आणि अंगावरचे कपडे सैल झाले होते. म्हणून ताटाची डावी बाजू रिकामी ठेवू नका. तिथला पदार्थ बदलायचा, त्यातलं मीठ काढायचं आणि चव मात्र वाढवायची.

तुमच्या घरात सगळ्या चटण्या एकदम बंद झाल्या त्यामागचं कारण मला ओळखीचं आहे. कुठल्यातरी यादीत वाचलं जातं की कोथिंबिरीत पोटॅशियम खूप, शेंगदाण्यात फॉस्फरस खूप (तोही बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकणं जड जातं). आकडे खरे आहेत, पण ते 100 ग्रॅमचे असतात. 100 ग्रॅम कोथिंबिरीत 500 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. हिरव्या चटणीचे दोन छोटे चमचे म्हणजे 10 ग्रॅम, त्यातून जातं सुमारे 50. एका मध्यम बटाट्यात 600 च्या आसपास असतं. लसणाचंही तेच. 100 ग्रॅमला 400, पण एका पाकळीत 10-12. शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीच्या एका छोट्या चमच्यातून पोटॅशियम 35 आणि फॉस्फरस 20 च्या आसपास जातो. शिवाय दाणे, तीळ, डाळी यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि शरीर तो पूर्ण शोषत नाही. चमच्याने खायच्या पदार्थाचा हिशेब चमच्यानेच करायला हवा. चटणी वाटीभर खाल्ली, भाजीसारखी खाल्ली, तर मात्र हा हिशेब मोडतो.

सोडियमची गोष्ट उलटी आहे. तिथे चमचाही भारी पडतो. एक ग्रॅम मिठात सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि किडनीच्या रुग्णासाठी दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ. मुरलेल्या लोणच्यात वजनाच्या 12 टक्के मीठ धरलं (कैरीच्या लोणच्यात ते याहून जास्तही असतं), तर खारासकट एक मोठी फोड 15 ग्रॅमची, तिच्यात जवळपास 1.8 ग्रॅम मीठ, सोडियम 700. दिवसाचा तिसरा हिस्सा एका फोडीत संपला. उडदाचा एक पापड 200 च्या पुढे जातो. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच असतं, म्हणून पापड अळणी लागला तरी फसू नका.

माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी पहिल्यांदा मिठाची डबी करायला सांगते. सकाळी आजोबांच्या वाट्याचं मीठ तोलून एका छोट्या डबीत काढायचं. दूध, दही, ब्रेड, बिस्किटं यांतून थोडं सोडियम जातंच, म्हणून डबीत मी साडेतीन ते चार ग्रॅमच धरते. घरात छोटा वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर सपाट केलेला छोटा चमचा भरून साधारण 5-6 ग्रॅम होतात, त्याच्या दोन तृतीयांश घ्या. भात आणि पोळीच्या कणकेत मीठ नको. आमटी-भाजीत त्यांच्या वाट्याला निम्मं मीठ, आणि एक ग्रॅम राखून ठेवायचं ते तोंडीलावण्यावर अगदी शेवटी वरून भुरभुरायला. पदार्थात शिजलेल्या मिठापेक्षा वरून पडलेलं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे चिमटीत भागतं. डबी संपली की त्या दिवसाचं मीठ संपलं. ज्येष्ठांना हे आवडतं असा माझा अनुभव आहे, कारण किती आणि कुठे वापरायचं हे त्यांच्या हातात राहतं. जीभ कमी मिठाला सरावायला काही आठवडे लागतात. पहिला पंधरवडा कठीण जातो, तेवढा धीर धरा.

आता लोणचं. बरणीतलं जुनं लोणचं, बाजारचं लोणचं, खारातल्या मिरच्या हे नको. फोड धुऊन दिली तर चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतात. धुतल्याने वरचा खार जातो, आत मुरलेलं मीठ राहतंच. त्यापेक्षा ताजं करा. कैरीच्या बारीक फोडी किंवा कीस, मोहरीची डाळ, हळद, लाल तिखट, तेलात तळून कुटलेली थोडी मेथी, भरपूर हिंग आणि गार केलेली तेलाची फोडणी. मीठ अजिबात नाही. वाढताना डबीतली चिमूट वरून. कैरी नसेल त्या दिवसांत गाजर किंवा फ्लॉवरचे तुरे उकळून, पाणी टाकून, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून असंच करता येतं. उकळल्यामुळे पोटॅशियमही उतरतं. मीठ टिकवण्याचं काम करत होतं हे मात्र लक्षात असू द्या. बिनमिठाचं लोणचं फ्रिजमध्येच ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं. कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं तर टाळाच, त्यात घातक जंतू वाढू शकतात.

मिठाची उणीव भरून काढायला आपल्या स्वयंपाकघरात जे आहे ते फार मोलाचं आहे, आणि त्यात माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे फेसलेली मोहरी. मोहरी भरड वाटून गार पाण्यात कालवा, दहा मिनिटं तशीच ठेवा, मगच लिंबू पिळा. आंबट आधी घातलं तर झणका येत नाही. पाव चमचा फेसलेली मोहरी काकडीच्या कोशिंबिरीत गेली की मिठाची आठवण होत नाही. त्याखालोखाल लिंबू. अर्ध्या लिंबाच्या रसात पोटॅशियम 20 मिलिग्रॅमच्या आसपास, सोडियम जवळजवळ शून्य. मग भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरी, ओवा, आलं, हिंगाची कडकडीत फोडणी, कढीपत्ता, तव्यावर भाजलेला लसूण. हे सगळं सढळ हाताने वापरा.

ठेचा बंद करू नका. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर तेलात चांगले डाग पडेपर्यंत भाजा, जिरं घाला, खलबत्त्यात ठेचा, वरून लिंबू. दाण्याचं कूट घालायचंच असेल तर एक चमचा. पित्ताचा त्रास असेल तर मिरची कमी करून लसूण वाढवा. वडापावबरोबर मिळते ती लसणाची सुकी चटणीही घरी बिनमिठाची छान होते. सुक्या खोबऱ्यात पोटॅशियम असलं तरी एका चमच्यात ते किरकोळ आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची चटणी मी आवर्जून सुचवते. सालं आधी उकळून पाणी टाका, पिळून घ्या, मग थोड्या तिळाबरोबर कुरकुरीत परता. कैरीचा तक्कू चालतो, फक्त गुळाऐवजी थोडी साखर घाला, कारण गुळात पोटॅशियम बरंच असतं. मधुमेह असेल तर साखरही सोडून द्या. ओल्या खोबऱ्याची चटणी एक मोठा चमचा पुरे. कारळ, जवस, तीळ यांच्या कोरड्या चटण्या एका छोट्या चमच्यापर्यंत, आणि एका दिवशी एकच.

चिंच-खजुराच्या गोड चटणीला मात्र माझा नकार आहे. चिंच, खजूर, गूळ, तिन्ही पोटॅशियमने भरलेले, आणि भेळेवर ती चमच्याने न पडता पळीने पडते. तसंच टोमॅटोचा आटवलेला गर. टोमॅटोची एक फोड कोशिंबिरीत चालते, पण आटवला की पाणी जातं आणि पोटॅशियम तेवढंच उरतं. 5.3 वर असताना टोमॅटोची चटणी आणि सार थांबवा. आंबटपणासाठी आमसूल घ्या, पण आगळ नको. आगळात टिकण्यासाठी भरपूर मीठ घातलेलं असतं, त्याची सोलकढी आजोबांना देऊ नका. आमसुलंही पाण्यात खळबळून घ्या.

एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, याची चटणी, लोणचं, सरबत, काहीही किडनीच्या रुग्णाने खाऊ नये, एक फोडही नाही. त्यातलं विषारी द्रव्य किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि ते मेंदूवर परिणाम करतं. न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके, क्वचित मृत्यूही. बिलिंबी त्याच कुळातली आणि तिच्यात ऑक्झलेट (किडनीत स्फटिक होऊन साठणारं द्रव्य) प्रचंड. तिचा रस प्यायल्याने चांगल्या किडन्या एकाएकी बंद पडल्याच्या घटना केरळमधून नोंदल्या गेल्या आहेत. गावाहून कोणी प्रेमाने बरणी आणली तरी ती या घरात नको.

सॉसकडे येऊ. बाटली घेताना समोरच्या बाजूवर काय लिहिलंय ते सोडा, मागचा तक्ता वाचा. आपल्याकडे 100 ग्रॅममागे सोडियम किती ते छापणं बंधनकारक आहे. तुम्ही किती खाणार त्याचं गणित करा. टोमॅटो केचपमध्ये साधारण 900 ते 1000 असतं, म्हणजे 15 ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात 150. कधीतरी एक छोटा चमचा केचप चालवून घेता येतो, नातवंडांच्या ताटलीतलं डबकं नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात 900 मिलिग्रॅमच्या आसपास. 'कमी मिठाचा' म्हणून विकला जाणाराही 500-600 पर्यंत असतो, म्हणजे तोही नकोच. शेजवान चटणीत मीठ आणि बऱ्याचदा सोया सॉस दोन्ही. तयार मस्टर्ड सॉस छोट्या चमच्याला 50-60, तो चालेल. साधं व्हिनेगर बिनधास्त. मेयोनीजमध्ये पोटॅशियम कमी असतं, पण तेल खूप. वजन उतरलेल्या माणसाला अधूनमधून एक चमचा दिला तर हरकत नाही, सोडियम तेवढं बघा. चीज स्प्रेड आणि चीजचे डिप टाळा. त्यांत फॉस्फेटचे क्षार घालतात आणि तो फॉस्फरस दाण्यांतल्यासारखा नसतो, जवळजवळ सगळा शोषला जातो. घटकांच्या यादीत 338 ते 341, 450, 451, 452 हे क्रमांक दिसले तर फॉस्फेट आहे असं समजा, 508 दिसला तर पोटॅशियम क्लोराइड. अजिनोमोटो, म्हणजे 621, यात सोडियम मिठाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतं. चायनीजच्या गाडीवर ते मिठाच्या जोडीने पडतं म्हणून बेरीज वाढते.

मीठ लपतं अशा काही जागा माझ्या रुग्णांच्या घरी हमखास सापडतात. तयार आलं-लसूण पेस्ट, त्यात टिकण्यासाठी मीठ असतं. घरी वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. कांदा-लसूण मसाला, त्यातही मीठ असतं आणि आमटीत आपण वेगळं घालतोच. चाट मसाल्यात तर पादेलोण हा मुख्य घटकांपैकी एक. गोडा मसाला, घरचा मालवणी किंवा आगरी मसाला यांत सहसा मीठ नसतं, पण उन्हाळ्यात तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून मिरच्या आणून डंकावर कुटून घेणार असाल, तर 'मीठ घालू नका' असं आधी सांगा, कारण टिकावं म्हणून काही जण घालतात. खाण्याचा सोडाही सोडियमच आहे. ढोकळा, भजी, खाऱ्या बिस्किटांत तो चवीवरून कळत नाही.

इथे एक उलट सूचना. डॉक्टरांनी सोडामिंटच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर 'त्यात सोडियम आहे' म्हणून त्या थांबवू नका. रक्तातली आम्लता आवरण्यासाठी त्या दिलेल्या असतात आणि त्यांचा हिशेब डॉक्टरांनी केलेला असतो.

नवी मुंबईतली आगरी-कोळी कुटुंबं मला सुकटीबद्दल विचारतात, तुमच्याकडेही मासळी असेल तर ऐका. खारवलेला बांगडा, खारवलेली सुरमई पूर्ण बंद. नुसत्या उन्हात वाळवलेल्या जवळ्याची चटणी महिन्यातून एखाद-दोन वेळा, चमचाभर. जवळा दोन-तीन पाण्यांतून धुऊन, वरून मीठ न घालता, कांदा जास्त ठेवून. तिच्यात फॉस्फरस आहे, त्यामुळे फॉस्फरस वाढलेला असेल तर तीही नाही. ताज्या मासळीचा तुकडा लिंबू-हळद-लसूण लावून भाजला तर मला तो कधीही जास्त पसंत, प्रथिनांच्या ठरलेल्या प्रमाणात बसवून.

बाहेर खाण्याचं म्हणाल तर आजोबांना कोंडून ठेवू नका. इडली घ्या, सांबार वाटीत वेगळं ठेवून दोन चमचे घ्या, नारळाची चटणी थोडी. सँडविचवर मसाला भुरभुरू नका असं सांगता येतं. मिसळीचा कट आणि पाणीपुरीचं पाणी मात्र जमणार नाही; दोन्हींत मीठ पाण्यात विरघळलेलं असतं आणि वगळायची सोय नाही.

पुढचे पंधरा दिवस असं करा: रोज दोन जेवणांत एकेक तोंडीलावणं, एक ओलं आणि एक कोरडं, मिठाची डबी, आणि एका वहीत काय दिलं, त्यांनी किती पोळी-भात खाल्ला, सकाळचं वजन किती एवढ्या तीन गोष्टी. पावलांवर सूज दिसली किंवा वजन दोन दिवसांत एकदम वाढलं तर ते पाणी साठणं आहे, डॉक्टरांना कळवा. पोटॅशियमची तपासणी लो-सोडियम मीठ थांबवल्यानंतर पुन्हा झाली की तो रिपोर्ट आणि ही वही घेऊन तुमच्या आहारतज्ज्ञांकडे जा. आकडा 5 च्या खाली स्थिरावला असेल तर टोमॅटोची चटणी आठवड्यातून एकदा परत आणण्याविषयी त्यांना विचारा. प्रथिनं किती द्यायची हेही त्याच भेटीत ठरवून घ्या. साधारणपणे वजनाच्या दर किलोला 0.8 ग्रॅम धरतात, पण वजन उतरलेल्या माणसाचा आकडा प्रत्यक्ष बघूनच ठरवावा लागतो.